आडवी रेघ

"ह्या सतरा रेघा तशाच राहू द्या, म्याडम," बांगरबाई म्हणाल्या आणि त्यांनी वजनाचं रजिस्टर माझ्या टेबलावर उघडून ठेवलं. "लेकरं मायबापासंगं ऊसतोडीला गेली. म्या वजनच केलं न्हाई, तर लिहू काय?"

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. बालविकास प्रकल्पाच्या तालुका कार्यालयात मी डेटा एन्ट्री ऑपरेटर होते. वय चोवीस, नोकरी कंत्राटी, आणि कंत्राट मार्चअखेर संपणार होतं. डोंगरपट्ट्यातल्या तेवीस अंगणवाड्यांची रजिस्टरं माझ्याकडे यायची आणि त्यांतले मुलांच्या वजनांचे आकडे मी संगणकात भरायचे. अनुसया बांगर आंबेदरा वाडीच्या सेविका. एकोणीस वर्षं त्यांनी त्या एका पत्र्याच्या खोलीत मुलं सांभाळली होती. आंबेदऱ्याची निम्मी वस्ती दिवाळी झाली की कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखात जायची, तिथे कोप्यांत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपड्यांत राहायची, ती उन्हाळ्यातच परतायची.

बाईंची पद्धत ठरलेली होती. जे मूल समोर काट्यावर चढलं, त्याचाच आकडा लिहायचा. जे आलं नाही, त्याच्या रकान्यात पट्टी ठेवून आडवी रेघ ओढायची.

"कोरा सोडला तर मागून कुणी बी आकडा कोंबतं," त्या म्हणाल्या. "रेघेवर लिहिता येत न्हाई."

बाकीच्या बावीस रजिस्टरांत एकही रेघ नसायची. तिथलीही मुलं आईबापांबरोबर जायचीच, पण कागदावर ती घरीच असायची आणि दर महिन्याला न चुकता दोनशे ग्रॅमनं वाढायची. हे मला माहीत होतं, आमच्या साहेबांना माहीत होतं, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

बाईंनी रजिस्टराबरोबर वहीचं एक दुमडलेलं पान पुढे केलं. "ही गेलेल्या लेकरांची यादी. कोण कुठल्या कारखान्यावर हाय ते लिवलंय. दरसाली देते तशी. साहेबांची सही घेऊन तिकडं धाडा, मंग तिकडची सेविका कोप्यांवर जाऊन लेकरं बघती, खाऊ देती. आन् ही तिसरी, पायल, हिच्याकडं जरा ध्यान द्या म्हनावं. तीन वर्साची हाय, ऑक्टोबरात नऊ किलो आठशे भरली. खाल्लेलं अंगालाच लागत न्हाई तिच्या."

"पाठवते," मी म्हणाले आणि पान ड्रॉवरमध्ये टाकलं. त्या दिवसांत माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. मला प्रोग्रॅमिंगचं वेड लागलं होतं.

दर रविवारी मी एसटीनं जिल्ह्याला जायचे. तिथे निखाते सर नावाचे एक शिक्षक दोन खोल्यांच्या क्लासमध्ये आम्हा दहा-बारा जणांना पायथन शिकवायचे. आकड्यांचा तक्ता वाचायचा, सरासरी काढायची, त्याचा आलेख काढायचा, एवढंच. पण पहिल्यांदा मी लिहिलेल्या आठ ओळींतून पडद्यावर रंगीत खांब उभे राहिले, तेव्हा मी खुर्चीत जवळजवळ उडालेच. वर्षभर मी दुसऱ्यांचे आकडे नुसते टायपत आले होते. आता ते आकडे माझ्या हुकमावरून रांगेत उभे राहात होते. मी शेफारले, हे सरळच सांगते.

आमच्या ऑफिसातली वजनं घेऊन तेवीस खांबांचा आलेख काढायचा, असं मी ठरवलं. प्रत्येक अंगणवाडीचा एक खांब, मुलांच्या सरासरी वजनाएवढा उंच. सरासरी साडेअकरा किलोच्या खाली गेली की खांब लाल, नाहीतर हिरवा. प्रोग्रॅम चालवला आणि तो अडला. पडद्यावर चूक दाखवणाऱ्या सात-आठ ओळी आल्या. बाईंच्या त्या रेघा मी जशाच्या तशा टाइप केल्या होत्या, आणि रेघ म्हणजे काही आकडा नव्हे, तिची बेरीज कशी करणार?

निखाते सरांनी यावर एक तास घेतला होता. जिथे आकडा नाही, तिथे काय करायचं याचे चार मार्ग फळ्यावर लिहून दिले होते आणि वर म्हणाले होते, "आधी विचारा, ही जागा रिकामी का आहे. मग हात लावा." मी वहीत चारही मार्ग उतरवून घेतले होते, ते वाक्य तेवढं घेतलं नव्हतं. सगळ्यांत छोटा मार्ग निवडला. एकच ओळ होती ती. जिथे आकडा नसेल, तिथे शून्य धर.

प्रोग्रॅम सुरळीत चालला. बावीस हिरवे खांब आणि कोपऱ्यात एक बुटका, लालभडक. आंबेदरा, साडेपाच किलो.

मी आलेख घेऊन तोडकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तोडकर साहेब म्हणजे आमचे प्रकल्प अधिकारी. वाईट माणूस नव्हे. वाढदिवसाला स्वतःच्या खिशातून पेढे आणणारा, बदलीची वाट बघणारा माणूस. त्यांनी कागद उजेडात धरला.

"हे तू केलंस, हेमलता?"

"हो सर."

"आणि हे लाल काय आहे?"

"आंबेदरा, सर. बांगरबाईंची."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवून त्या लाल खांबावर बोट टेकवलं. "दहा वर्षं मी या मीटिंगांना जातोय. सगळे नुसत्या फायली घेऊन येतात. शुक्रवारी जिल्ह्याचे मोठे साहेब येतायत. त्यांना हे दाखवू. बघा म्हणावं, नेमकी अडचण कुठे आहे ते आम्ही शोधून काढलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जिल्ह्याला नवा डेटा कक्ष होतोय. कायम जागा आहे. मी तुझं नाव टाकतो."

त्या दिवशी घरी जाताना मी आईसाठी जिलेबी नेली.

शुक्रवारी मीटिंग बारा वाजता होती. मी साडेनऊलाच ऑफिसात आले. आलेख मोठ्या पडद्यावर नीट दिसतो का ते बघत होते, आणि का कोण जाणे, त्या साडेपाचवर डोळा अडकला. तीन ते सहा वर्षांची मुलं. साडेपाच किलो म्हणजे चार महिन्यांच्या तान्ह्या बाळाचं वजन. एवढं मला आधी कळायला हवं होतं, पण खांबाचा रंग बघण्यात मी आकडा वाचलाच नव्हता. मी तक्ता उघडला. आंबेदऱ्याची एकतीस मुलं. चौदा आकडे. आणि खाली एकाखाली एक सतरा शून्यं.

मी लगेच प्रोग्रॅमकडे वळले. ती एक ओळ बदलली. जिथे आकडा नाही ते मूल सरासरीत धरू नको. पुन्हा प्रोग्रॅम चालवला. आंबेदऱ्याचा खांब सरकन वर गेला. बारा किलो तीनशे. हिरवा.

आता पडद्यावर तेवीसच्या तेवीस खांब हिरवे होते, जवळपास एका उंचीचे. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मी दोन्ही आलेख ठेवले. एकाला नाव दिलं 'जुना', दुसऱ्याला 'नवा'. तेवढ्यात तोडकर साहेब आत आले, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध.

"काय हेमलता, तयार?"

"सर, ते आंबेदऱ्याचं जरा..."

"आंबेदऱ्याचंच तर दाखवायचंय! त्या एका खांबावर उभी आहे आजची मीटिंग. मोठ्या साहेबांना काल फोनवर सांगून ठेवलंय मी. आणलंस ना सगळं?"

एका दमात सांगता आलं असतं. सर, चूक माझी आहे, बाईंची नाही. फार तर ते चिडले असते. फार तर डेटा कक्षासाठी सुचवलेलं माझं नाव त्यांनी मागे घेतलं असतं.

"आणलंय सर," मी म्हणाले.

पंचायत समितीच्या सभागृहात तेवीस सेविका खुर्च्यांवर बसल्या होत्या. मोठे साहेब पुढे. मी लॅपटॉपपाशी. 'जुना' आणि 'नवा' शेजारी शेजारी होते. मी 'जुना' उघडला.

सभागृहात आधी कौतुकाची कुजबुज झाली. भिंतीवर एवढे मोठे रंग त्या बायकांनी पहिल्यांदाच बघितले असतील. मग सगळ्यांचं लक्ष त्या लाल खांबाकडे गेलं.

"आंबेदरा कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

बांगरबाई उभ्या राहिल्या. खांद्यावरचा पदर सारखा केला.

"किती वर्षं झाली नोकरीला?"

"एकोनीस, साहेब."

"एकोणीस वर्षांत साडेपाच किलो?" मोठे साहेब मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "अहो, पाळणाघर चालवता की अंगणवाडी?"

हशा झाला. ज्या बावीस बायका आपापल्या रजिस्टरांत घरी बसून आकडे भरत होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मला त्यांचा राग आला, हे खरं. माझा स्वतःचा यायला पुढे बरीच वर्षं लागली.

"साहेब, ह्ये खोटं हाय," बाई म्हणाल्या. आवाज चढा नव्हता. "माझी लेकरं बारा किलोच्या खाली न्हाईत. दोन-तीन हायेत, त्यांची नावं सांगते. म्या एकेकाला काट्यावर बसवून..."

"म्हणजे कॉम्प्युटर खोटं बोलतो?"

"ते मला ठावं न्हाई. पर म्या वजन केल्याबिगर आकडा लिहीत न्हाई."

तोडकर साहेब चटकन उठले. "हेमलता, तू सांग त्यांना. यात चूक होऊ शकते का?"

सगळे माझ्याकडे वळले. बाईही वळल्या. त्यांच्या तोंडावर चक्क हायसं वाटल्याचं दिसलं. हिच्याच टेबलावर आपण रजिस्टर ठेवलं, हिलाच रेघा दाखवल्या, ही आता सांगेल, असं त्यांना वाटलं.

मी म्हणाले, "रजिस्टरात जे असतं तेच कॉम्प्युटर दाखवतो, सर. तो चुकत नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच खाली बसल्या. शेजारच्या बाईनं खुर्ची थोडी बाजूला ओढून घेतली. मोठ्या साहेबांनी फर्मावलं, मेपर्यंत खांब वर आला नाही तर सेवा समाप्त. जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले, नाव विचारलं आणि 'व्हेरी गुड' म्हणाले.

सगळं पांगल्यावर बाई ऑफिसात आल्या. मी वायरी गुंडाळत होते. त्या भांडायला आल्या असतील असं वाटून मी मान वरच केली नाही.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "म्या शिकलेली सातवी. मला तेव्हढं कळत न्हाई. माझं चुकलं कुठं, त्ये सांगा. नोकरी गेली तर मी कुठं जाऊ? ह्या वयात कोयता धरू का?"

त्यांनी पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सांगेन ते लिहून घ्यायला. त्या वेळेस तरी खरं सांगायचं. पण खरं सांगितलं तर ते त्या साहेबांना जाऊन सांगणार, आणि 'व्हेरी गुड' ऐकून मला अजून तास झाला नव्हता.

"रेघ ओढू नका," मी म्हणाले. "रकान्यात आकडा हवा. कुठलाही."

"लेकरू नसलं तर?"

"तरी. मागच्या महिन्याचं वजन घ्या आणि त्यात दोनशे ग्रॅम मिळवा. सगळ्या तसंच करतात."

त्यांनी लिहून घेतलं. मी बघत होते. 'मागचं वजन, अधिक दोनशे.' खाली दोनदा अधोरेखित केलं.

"आन् ती यादी? गेलेल्या लेकरांची?"

मी ड्रॉवर उघडला. पान तसंच पडलं होतं, सही झाली नव्हती. "वजन लिहिलं म्हणजे मूल गावात आहे, बाई. गावातल्या मुलाचं नाव त्या यादीत कसं जाईल? दोन्हीकडे कसं असेल ते?" आणि मी पान त्यांच्या हातात परत दिलं.

त्यांनी ते दुमडून वहीत ठेवलं. "बरं," म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "पायलचं तेव्हढं फोनवर सांगता आलं तर बघा." मी हो म्हणाले. कुणाला फोन करायचा ते मला माहीतही नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

त्यानंतर आंबेदऱ्याचं रजिस्टर ऑफिसातलं सगळ्यांत देखणं रजिस्टर झालं. नोव्हेंबरचं पान त्यांनी नवीन लिहून आणलं. एकही रेघ नाही. एकतीस मुलं, एकतीस आकडे, त्याच ठसठशीत अक्षरात. दर महिन्याला मी ते भरायचे आणि लाल खांब हिरवा होऊन वर वर सरकायचा. तोडकर साहेबांनी त्या पाच-सहा आलेखांची एक पुस्तिका करून जिल्ह्याला पाठवली. मोठ्या साहेबांच्या कानउघाडणीनं एक अंगणवाडी कशी सुधारली, असा तिचा सूर होता. एक एप्रिलला मी डेटा कक्षाच्या कायम जागेवर रुजू होणार होते, पण साहेबांनी मेअखेरपर्यंत मला सोडलं नाही. बाईंना कुणी मग काही बोललं नाही. त्याही कुणाशी बोलेनाशा झाल्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ऊसतोडीची माणसं परत आली. तिसऱ्या आठवड्यात बाई ऑफिसात आल्या. दुपारची वेळ होती, पंखा बंद, वीज नुकतीच आली होती. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"पायल," त्या म्हणाल्या.

मी ओळ वाचली. ऑक्टोबर, नऊ आठशे. मग दहा किलो, दहा दोनशे, जानेवारीत दहा चारशे. एप्रिलला अकरा किलो. मूल छान वाढत होतं.

"चांगलं आहे की," मी म्हणाले.

"फेब्रुवारीच्या पयल्या आठवड्यात गेली ती. कोपीवर. चार दीस हगवन लागली व्हती. तिथं कुनीच आलं न्हाई बघायला. तिकडच्या सेविकेला ठावंच नव्हतं कोपीवर कुनी लेकरू हाय म्हनून." बाई अगदी सावकाश बोलत होत्या. "काल तिची माय आली केंद्रावर. नाव कमी करा म्हनली. मंग म्हनली, बाई, माझ्या लेकीचं शेवटचं वजन किती व्हतं, तेव्हढं सांगा. तिला फोटू बी न्हाई लेकीचा. काहीतरी पायजे व्हतं तिला."

"मग?"

"काय सांगू? मेल्यावर सहाशे ग्रॅम वाढली म्हनून सांगू?"

वहीतून त्यांनी ते दुमडलेलं पान काढलं आणि रजिस्टराशेजारी ठेवलं. घडीवर ते झिजलं होतं. तिसरं नाव, पायल. पुढे कारखान्याचं नाव, आणि मुकादमाचा मोबाईल नंबरसुद्धा. तो नंबर मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. डिसेंबरमध्ये मी ते पान एकदाही उघडलं नव्हतं.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला पहिली आठवण आली ती जिल्ह्याला गेलेल्या पुस्तिकेची. त्यात फेब्रुवारीचा आलेख होता, मार्चचा होता. मूल फेब्रुवारीतच गेलं हे रजिस्टरात आलं तर कुणीतरी विचारणार, मग मार्चचं वजन कुणाचं? आणि विचारत विचारत कुठवर येणार, हे मला दिसत होतं.

"मेचा रकाना ऱ्हायलाय," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात पट्टी होती, पेन होतं. घरून घेऊन आल्या होत्या. "आता तरी रेघ ओढू का, म्याडम?"

मी कॉम्प्युटर सुरू केला. "नको," म्हणाले. "मी तिची ओळच काढून टाकते. सुरुवातीपासून. म्हणजे कुठे काही विसंगत दिसणार नाही. तुम्ही रजिस्टर नवीन उतरवून आणा, तीस मुलांचं."

त्यांनी पट्टी पिशवीत ठेवली. जायला निघाल्या नाहीत, माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून पडदा बघत राहिल्या. मी पायलची ओळ निवडली. काढून टाकायचं का, कॉम्प्युटरनं विचारलं. मी हो म्हटलं. सवयीनं प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तेवीस खांब उभे राहिले.

वाडीतलं सगळ्यांत हलकं मूल गेलं होतं. उरलेल्यांची सरासरी सत्तर ग्रॅमनं वाढली होती.

आंबेदऱ्याचा खांब आधी होता त्याहून किंचित उंच दिसत होता. बाईंनी पुढे वाकून तो नीट बघितला.

"वाढला का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "थोडा."